सासूबाईंचं शेवाळ

एखाद्या समाजाची संस्कृती किती खोल आहे, हे त्याच्या सणासुदीच्या गोडधोडावरून ओळखावं, असं माझं अभ्यासांती बनलेलं मत आहे. शाळेत भूगोल शिकवताना मी ते दरवर्षी मांडतो आणि मुलं निमूटपणे वहीत उतरवून घेतात. माझी सासुरवाडी आयर्लंडमध्ये, केरीच्या किनाऱ्यावर आहे आणि तिथलं सणाचं गोड म्हणजे दुधात उकळलेलं समुद्रातलं शेवाळ. तेव्हा आमच्या संस्कृतीची खोली साधारण गुडघाभर, तीही ओहोटीच्या वेळी.

या शेवाळाला कॅरगीन म्हणतात. खडकावर असतं तेव्हा ते जांभळं दिसतं, वाळलं की मळकट पांढरं होतं. दुधात उकळून गाळलं की ते दूध खरवसासारखं थिजतं. छातीत कफ झाला की आमच्याकडे हेच पाजतात, वासरांना जुलाब लागले की हेच पाजतात आणि सहा जानेवारीला पाहुण्यांना हेच वाढतात. एका पदार्थाकडून याहून जास्त अपेक्षा करणं बरं नव्हे.

सहा जानेवारी म्हणजे बायकांचा नाताळ. पंचवीस डिसेंबरपासून राबराब राबलेल्या बायका त्या दिवशी कशाला हात लावत नाहीत. पुरुष चुलीपाशी उभे राहतात आणि बायका बाहेरच्या खोलीत बसून पुरुषांबद्दल बोलतात. आमच्याकडे या नियमाला एकच अपवाद असे. त्या दिवशीचं कॅरगीनचं पुडिंग सासूबाई स्वतः करायच्या. सासूबाईंचं नाव हॅना. त्यांच्या घरात आम्ही राहतो की आमच्या घरात त्या, हा प्रश्न माझ्या लग्नापासून कुणी काढलेला नाही, आणि घरात शांतता आहे ती त्यामुळेच.

यंदा पानगळीत सासूबाई अंगणात घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला जमले असताना गॉबनेटने विषय काढला. गॉबनेट ही माझी मेहुणी, बायकोची थोरली बहीण. ती बोलते तेव्हा वाक्याच्या शेवटचा पूर्णविराम ऐकू येतो.

"यंदा बायकांचा नाताळ हॉटेलात."

"का गं? घरी काय वाईट आहे?" एथ्नाने, म्हणजे माझ्या बायकोने विचारलं.

"आईचं मनगट हे असं. पुडिंग कोण घोटणार? आणि आईच्या पुडिंगाशिवाय घरी बसायचं म्हणजे आईचाच अपमान. मी टेबल सांगून ठेवलंय."

सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. सासूबाईंच्या पुडिंगाचा विषय निघाला की आमच्याकडे आवाज आपोआप खाली येतो, चर्चमध्ये शिरल्यासारखा. मी स्वतः दरवर्षी ते दुसऱ्यांदा मागून घेतो. मूळचा मी मध्य आयर्लंडमधला, समुद्रापासून लांबचा माणूस. केरीच्या लोकांच्या लेखी मी अजून वाऱ्यावर उडून आलेलाच आहे. त्यामुळे ते पुडिंग गिळताना मला जो त्रास होई तो माझ्या गावाचा दोष, असं मी धरून चाललो होतो.

जेवणं झाल्यावर मी बशा उचलत होतो तेव्हा सासूबाईंनी डाव्या हाताने माझी बाही धरली.

"फिंटन, मला त्या हॉटेलात नको रे नेऊ. गार खुर्च्या असतात तिथल्या. आणि मागच्या खेपेला मी गाणं सुरू केलं तर त्या पोराने बिलच आणून ठेवलं पुढ्यात. माझी खुर्ची इथे, चुलीपाशी. माझी गाणी इथे. एवढं बघ."

आजवर सासूबाईंनी माझ्याकडे एवढंच मागितलं होतं की फाटक लावत जा. मला भरून आलं. मी तसाच, हातात बशा घेऊन, आत गेलो आणि म्हणालो, "हॉटेल रद्द. पुडिंग मी करतो. इथेच."

मग गॉबनेट म्हणाली, "तू?"

"मीच."

"मागे एकदा तू अंडं उकडलं होतंस."

"मऊ होतं ते."

"आत गार होतं, फिंटन."

"ताई, करू दे त्याला," एथ्ना म्हणाली. पाठिंबा द्यायचा म्हणून ती हे म्हणाली खरी, पण म्हणताना तिने कपाळाला हात लावला होता.

"करू दे की," गॉबनेट म्हणाली. "पण दुकानातलं पाकीट आणून उकळायचं नाही. आईचं नेहमी इथलं, खालच्या किनाऱ्यावरचं असायचं. तसं जमलं तर आम्ही घरी बसू. नाहीतर माझं टेबल आहेच."

मी दारातून मागे सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. कृतज्ञतेने, असं मला वाटलं.

कॅरगीन उन्हाळ्यात काढतात. खडकावरून खुडून आणतात, गवतावर पसरतात आणि ऊनपाऊस खाऊ देतात. हे मला ठाऊक होतं. परंतु सहा जानेवारीच्या आधी उन्हाळा येण्याची चिन्हं नव्हती. त्यातल्या त्यात बरं म्हणजे दोन दिवस वादळ झालं आणि ते ओसरल्यावर मी रबरी बूट चढवून, बादली घेऊन खाली किनाऱ्यावर गेलो. काळ्या खडकापासून ओढ्यापर्यंत शेवाळाचे ढीग येऊन पडले होते. त्यात कॅरगीनही होतं. मी गुडघे टेकून निवडायला बसलो. पाठीत पाऊस, नाकात खारट वास आणि मनात सासूबाई.

वरच्या बांधावर मॉसी करन उभा होता. मॉसी आमच्या पलीकडचा शेतकरी, गाईवासरांचा माणूस. त्याच्याबरोबर त्याचं कुत्रं होतं, आणि दोघंही माझ्याकडे सारख्याच चेहऱ्याने बघत होते.

"वारा बराच होता, मास्तर," तो वरून म्हणाला.

"होता खरा."

"वाहून आलंय बरंच."

"आलंय खरं."

"काही लोक उचलतातसुद्धा," मॉसी म्हणाला आणि कुत्र्याला घेऊन निघून गेला.

एवढ्या मोकळेपणाने मॉसी माझ्याशी कधी बोलला नव्हता. गावाने अखेर आपल्याला आपलं मानलं, अशा आनंदात मी घरी आलो आणि एथ्नाला सगळं सांगितलं. ती हातातला टॉवेल टाकून खुर्चीत बसली.

"दोन वाक्यं बोलला? मॉसी?"

"दोन नाही, चांगली तीन."

"देवा! मग भयंकर चिडलाय तो. अरे, काळ्या खडकापासून ओढ्यापर्यंतचं शेवाळ करनांचं आहे! पणजोबांच्या वेळेपासून त्यांच्या जमिनीच्या कागदावर आहे ते. माझे आजोबा याच शेवाळापायी कोर्टात गेले होते. हरले होते."

"मग सासूबाईंना आजवर कुठून मिळायचं?"

"मॉसीची आई दर उन्हाळ्यात वाळवून पिशवी दाराशी ठेवून जायची. आईने कधी मागितली नाही आणि तिने कधी विचारलं नाही. मागच्या वर्षी ती गेली, पिशवी बंद झाली. साठलेलं संपलं."

म्हणजे मी, सरकारी पगार घेणारा शिक्षक, भर दिवसा चोरी करून आलो होतो. आणि तीही शेवाळाची. चोरीचासुद्धा एक दर्जा असतो.

शेजारच्या डिम्फ्नाबाईंना ही बातमी माझ्या आधी कळली होती. डिम्फ्नाबाईंनी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही आणि कोणत्याही पदार्थात तो किती घालावा हे त्यांना अचूक ठाऊक असतं. त्या आल्या त्याच सल्ला घेऊन.

"मॉसीच्या नादी लागू नकोस. सरळ सरकारला फोन कर. किनारा सरकारचा आहे. आणि पुडिंगात व्हिस्की घाल, चमचाभर. औषध म्हणून."

मी फोन केला. चार ठिकाणी फिरवल्यावर किनाऱ्याचं काम बघणाऱ्या कचेरीतल्या एका सभ्य मुलीने तो उचलला.

"शेवाळ काढायचा परवाना हवाय? किती टन?"

"एक बादली."

"रकाना टनांचा आहे, सर."

"मग शून्य लिहा."

"शून्य टनांना परवाना लागत नाही."

"म्हणजे मी ते घेऊ शकतो?"

"शून्य टन घेऊ शकता. काढणार हाताने की यंत्राने?"

"गुडघ्यांवर बसून."

"हाताने. वापर व्यापारी की वैयक्तिक?"

"सासूसाठी आहे."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "सासू वैयक्तिकमध्ये धरायची का, ते मला वरिष्ठांना विचारावं लागेल," मुलगी म्हणाली. वरिष्ठ नाताळच्या रजेवर होते. शिवाय त्या पट्ट्यावर कुणाचा जुना हक्क असेल तर आधी त्याची संमती आणा, असंही ती म्हणाली. म्हणजे सरकारने मला सन्मानपूर्वक मॉसीकडेच पाठवलं.

मी संध्याकाळी मॉसीच्या दारात उभा राहिलो.

"चहा घेणार, मास्तर?"

"नको, आत्ताच घेतलाय."

"अर्धा कप?"

"खरंच नको."

"पाणी उकळलंच आहे."

"बरं, मग अर्धा."

आमच्याकडे पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस एक तर परदेशी असतो किंवा आजारी. अर्ध्या कपाचे तीन कप झाले. हवेबद्दल बोलून झालं, गायींबद्दल बोलून झालं, वर्षभरात गावातलं कोण गेलं आणि कुणाच्या मयताला किती गर्दी होती हेही झालं. ज्या कामासाठी आलो त्याचा उल्लेख बसून करायचा नसतो. तो निघताना, उंबऱ्यावर, दुसरीकडे बघत करायचा असतो. हे शिकायला मला इथे बरीच वर्षं लागली.

"मॉसी," मी उंबऱ्यावरून त्याच्या कोंबड्यांना उद्देशून म्हणालो, "ते, परवा, किनाऱ्यावर, बादली..."

"बादली मी पाहिली नाही, मास्तर."

"सासूबाईंच्या पुडिंगासाठी होतं ते."

मॉसीचा चेहरा एकदम बदलला. "हॅनाच्या पुडिंगासाठी? मग सांगायचं नाही का! आमची आई म्हणायची, हॅनासारखं पुडिंग साऱ्या किनाऱ्यात कुणाचं नाही." त्याने एका कोंबडीला पायाने बाजूला सारलं. "तुम्हालाही आवडतं का, मास्तर?"

"जीव की प्राण," मी म्हणालो.

परवानगी मागायला गेलेल्या माणसाने उंबऱ्यावर उभं राहून काय बोलू नये, याचं हे वाक्य उत्तम उदाहरण आहे. पण ते मला पुढे कळलं.

शेवाळ आता कायदेशीर झालं होतं. फक्त वाळायचं होतं. बाहेर पाऊस. तेव्हा मी आमच्या गरम कपाटाचा आसरा घेतला. आमच्याकडे प्रत्येक घरात गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं. त्यात धुतलेले कपडे ऊबेला ठेवतात. मी माझे सदरे, एथ्नाचे टॉवेल आणि सासूबाईंची चर्चची शाल नीट एका बाजूला सरकवली आणि उरलेल्या फळ्यांवर शेवाळ पसरलं. भूगोलाच्या माणसाला बाष्पीभवन ठाऊक असतं. बाष्पाचं पुढे काय होतं तेही त्याने लक्षात ठेवायला हवं होतं.

रविवारी चर्चमध्ये आम्ही नेहमीच्या बाकावर बसलो. पुढच्या बाकावरची बाई नाक वर करून इकडेतिकडे बघू लागली. मागून डिम्फ्नाबाई वाकल्या आणि माझ्या कानात म्हणाल्या, "फिंटन, भरती आली का रे?"

मी प्रार्थनेत लक्ष घातलं. तेवढ्यात माझ्या कॉलरमध्ये काहीतरी वळवळलं. शेवाळाबरोबर वाळूतले उड्या मारणारे किडे येतात. थंडीत ते निपचित असतात, ऊब मिळाली की त्यांना हुशारी येते. पहिला किडा माझ्या कॉलरमधून पुढच्या बाईच्या टोपीवर गेला. दुसऱ्याने सासूबाईंच्या शालीतून झेप घेतली, तो थेट समोर आलेल्या दानाच्या ताटात. ताट धरणाऱ्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. वर्षानुवर्षं मी त्या ताटात जे टाकत आलो त्याच्याशी तुलना करून ते काही निष्कर्ष काढत असावेत. सासूबाईंचे खांदे हलत होते. त्या रडताहेत असं वाटून मी त्यांचा हात धरला.

गॉबनेट बाहेर वाटच बघत होती. "टेबल अजून राखून आहे," ती म्हणाली.

"पुडिंग होणार," मी म्हणालो आणि कॉलर झटकली.

सहा तारीख उजाडली. गॉबनेटचा नवरा कोपऱ्यात बटाटे सोलायला बसला. तो लग्नापासून बटाटेच सोलतो आणि सुखी आहे. मी दूध तापवलं. शेवाळ किती घालायचं याबद्दल माझ्याकडे भरपूर मार्गदर्शन जमलं होतं. एथ्ना म्हणाली होती मूठभर. डिम्फ्नाबाई म्हणाल्या होत्या, मूठभर, पण पुरुषाची. मॉसी म्हणाला होता, दोन मुठी, पण तो वासरांचा हिशेब होता. कुणालाच दुखवायला नको म्हणून मी सगळ्यांचं ऐकलं.

दूध आधी काही करत नाही. मग ते विचार करू लागतं. मग अचानक त्याचा निर्णय होतो. मी ढवळता ढवळता डाव सोडून लिंबू घ्यायला वळलो आणि परत पाहतो तर डाव पातेल्यात ताठ उभा. गाळायला चहाची गाळणी घेतली, ती दुधाने गिळली. चाळण घेतली. गॉबनेटच्या नवऱ्याने पाठीमागून दाबलं, मी पुढून दाबलं, आणि आम्ही ते सासूबाईंच्या निळ्या वाडग्यात उतरवलं. साखर घातली. डिम्फ्नाबाईंची औषधी व्हिस्की घातली. थोडी औषध म्हणून मीही घेतली.

जेवण झकास झालं, कारण त्यात माझा हात नव्हता. मग मी पुडिंग घेऊन बाहेरच्या खोलीत गेलो. चुलीजवळची खुर्ची सासूबाईंसाठी तिथे हलवली होती आणि त्या राणीसारख्या बसल्या होत्या. मी वाडगा ताटावर उपडा केला. काही झालं नाही. वर चापट मारली. काही झालं नाही. मग आपलं आपण मनावर घेऊन ते एकदम बाहेर आलं, दोनदा हललं आणि उभं राहिलं. रंग करडा होता, किंचित हिरव्याकडे झुकणारा. खोलीत किनाऱ्याचा वास पसरला आणि त्यामागोमाग माझ्या सदऱ्यांचा.

पहिला घास अर्थातच सासूबाईंचा. गॉबनेट हातात फोन घेऊन बसली होती. हॉटेलवाले रात्रीचं टेबल अजून धरून होते. सासूबाईंनी डाव्या हाताने चमचा उचलला, तोंडात घातला आणि चावला. पुडिंग चावावं लागत नाही, पण त्यांनी चावलं.

"अगदी माझ्या हातचं झालंय," त्या म्हणाल्या.

मी गॉबनेटकडे विजयी नजरेने पाहिलं.

"म्हणजे वाईट," सासूबाई म्हणाल्या आणि चमचा खाली ठेवला.

बटाटेवाला नवरा दारातून डोकावला.

"आई, काय बोलतेस!" एथ्ना म्हणाली. "तुझं पुडिंग म्हणजे..."

"मला जीभ आहे गं. लग्नाच्या वर्षी केलं तर तुझे वडील वा वा म्हणाले. भला माणूस. मग तुम्ही म्हणायला लागलात. मग हा आला मधल्या मुलखातून, तो तर दोनदा मागून घ्यायचा! आणि तिकडे मॉसीची आई दर उन्हाळ्यात पिशवी आणून ठेवायची. एवढी दिलेली वस्तू फेकायची कशी? मनगट मोडलं तेव्हा म्हटलं, सुटले बाई."

"आई!" गॉबनेट उभी राहिली. "तुला आवडत नाही ते?"

"तुला आवडतं?"

गॉबनेटने एकदा पुडिंगाकडे पाहिलं, एकदा आईकडे. "मी लहानपणापासून टेबलाखाली कुत्र्याला घालत आलेय," ती म्हणाली. या वाक्याला पूर्णविराम नव्हता.

"म्हणून ते कुत्रं लवकर गेलं!" सासूबाई म्हणाल्या.

"आणि ताई, हॉटेलचं?" एथ्नाने विचारलं.

"आता काय सांगायचं? आईला दुखवायचं नव्हतं आणि पुडिंगही खायचं नव्हतं. हॉटेल नाही तर काय काढणार होते मी?"

मग एथ्नाने ती ते फुलांच्या कुंडीत टाकायची हे कबूल केलं. सासूबाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "आणि तू रे? दोनदा का घ्यायचास?"

"तुमचा मान राखायला," मी म्हणालो.

सासूबाई हसायला लागल्या. त्यांचे खांदे हलले आणि मला एकदम चर्चमधला रविवार आठवला. त्या दिवशीही त्या रडत नव्हत्या. मग सगळ्याच हसल्या. गॉबनेट तर डोळे पुसत पुसत हॉटेलला फोन करायला आत गेली, आणि पुढच्या वर्षीही घरीच, पुडिंग सोडून, असं तिने येता येता जाहीर केलं. या वाक्याला पूर्णविराम होता. सासूबाईंनी गाणं सुरू केलं. कुणी बिल आणून ठेवलं नाही. मी आणि गॉबनेटचा नवरा आत भांडी घासत ऐकत उभे होतो. तो म्हणाला, "बरं झालं." त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे सर्वांत मोठं भाषण.

दुसऱ्या दिवशी उरलेलं पुडिंग, म्हणजे जवळजवळ सगळंच, मी निळ्या वाडग्यातून मॉसीच्या वासरांसाठी नेऊन दिलं. संध्याकाळी मॉसी वाडगा परत घेऊन आला.

"वासरांनी चाटून पुसून खाल्लं, मास्तर," तो म्हणाला. त्याच्या खांद्यावरून मला कुंपणापलीकडचं घमेलं दिसत होतं. भरलेलं होतं. कुत्रं त्याच्यापासून लांब बसलं होतं.

आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. वाडग्यात अंडी होती आणि मॉसीच्या दुसऱ्या हातात एक पिशवी होती. पिशवी म्हणजे गोणीच.

"आईने वाळवून ठेवलेलं माळ्यावर होतं. चांगलं, उन्हाळ्याचं. तुमचा जीव की प्राण म्हणालात ना?"

"नको, मॉसी."

"घ्या."

"खरंच नको."

"घ्या हो. कमी पडलं तर उन्हाळ्यात आणखी आणतो."

"नको, अगदी मनापासून नको."

मी तीनदा नको म्हणालो आणि तिन्ही वेळा ते खरं होतं. पिशवी गरम कपाटात आहे.